बुडातलं शिसं

३ जानेवारी

हॉस्पिटलने एक वही दिली आहे. तिच्यात चार रकाने: तारीख, लघवीचा नमुना घेतल्याची वेळ, दिवसभरातलं खाणं, शेरा. शेऱ्याचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद आहे. त्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून निवृत्तीच्या वेळी ऑफिसने दिलेली ही डायरी काढली. सहा वर्षं कोरी पडून होती. वर्ष जुनं आहे, वार जुळत नाहीत. चालेल.

आजचं नोंदवतो. हिच्या दोन्ही किडन्या मिळून बावीस टक्के काम करतात. गेल्या महिन्यात सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढला होता, त्याचा अहवाल आला. एक तृतीयांश भागात व्रण धरले आहेत. व्रण मागे फिरत नाहीत. मोठे डॉक्टर हे सगळं संगणकाकडे बघत सांगत होते. रक्तातलं क्रिएटिनीन २.४ आहे, ते जितकं खाली येईल तितकं बरं, आणि काम पंधरा टक्क्यांच्या खाली गेलं की डायलिसिसच्या मशीनची तयारी करायची, म्हणाले.

मशीन म्हटल्यावर हिने माझी बाही धरली. हिची मोठी बहीण अडीच वर्षं त्या मशीनवर होती, आठवड्यातून तीनदा. शेवटी शेवटी ती कुणाशी बोलत नसे. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना ही म्हणाली, "मला तिथे नका हं पाठवू." मी म्हणालो, "नाही पाठवणार."

एवढंच बोलणं झालं. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं ते कळत होतं, पण आत काही हललं नाही. घरी येऊन दिवे लावले, दूध तापवलं.

५ जानेवारी

आहारतज्ज्ञ बाईंचा कागद: प्रथिनं दिवसाला पस्तीस ग्रॅम, मीठ अर्धा चमचा. प्रथिनं जास्त झाली की किडनीवर भार येतो. भार हा विषय मला कळतो. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. बाजारातले दुकानदार मला लांबूनच ओळखायचे आणि काटे पुसायला लागायचे.

कपाटातून माझा छोटा काटा काढला. वजनांची लाकडी पेटी उघडली. पन्नास ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत सगळी जागच्या जागी आहेत. ही दारात उभी राहून बघत होती.

"आता माझ्यावर धाड का?"

"धाड नाही, तपासणी."

हसली. कागदावर पस्तीस आहे. मी अठ्ठावीस धरणार आहे. सुरक्षित बाजूला राहिलेलं बरं.

८ जानेवारी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक अभ्यास चालू आहे, त्यात हिचं नाव घातलं. तिथल्या डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाच्या आहेत. सारख्या कुणाला ना कुणाला झाकणाच्या डब्या वाटत असतात, म्हणून हिने त्यांना डबीवाली असं नाव ठेवलं आहे. तोंडावर अर्थात डॉक्टर.

त्यांचं म्हणणं असं. किडनी आतून किती खराब झाली हे नक्की कळायला दर वेळी सुई घालावी लागते, आणि सुई काही पुन्हा पुन्हा घालता येत नाही. पण किडनी दुखावली, व्रण धरू लागली की काही प्रथिनं झिजून लघवीत उतरतात. ती मोजली तर सुईशिवाय आतलं कळेल का, हे बघायचं. दर महिन्याला सकाळची पहिली लघवी डबीत, आणि एक पूर्ण दिवसरात्रीची लघवी मोठ्या कॅनमध्ये.

मी विचारलं, "पाणी जास्त प्यायलं तर लघवी पातळ होणार. मग तुमचा आकडा चुकला."

"बरोबर, काका. म्हणून आम्ही प्रत्येक आकड्याला लघवीतल्या क्रिएटिनीनने भागतो. माणसाच्या शरीरातून ते रोज साधारण तेवढंच पडतं."

"म्हणजे तुमचं प्रमाण वजन ते."

"तसंच समजा."

काम शिस्तीचं दिसलं. मला बरं वाटलं, म्हणजे बरं वाटायला हरकत नाही असं वाटलं. मग वजनात लबाडी कशी होते ते त्यांना सांगितलं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन अचूक करतात आणि शिशावर आमचा शिक्का मारतात. लबाड माणूस ते शिसं खरवडून काढतो. वरून वजन अगदी तेच दिसतं, आकडा तोच, काटाही बरोबर. गिऱ्हाईक मात्र कमी घेऊन घरी जातं. त्यामुळे मी दुकानात शिरलो की आधी वजन उलटं करायचो. डबीवालींनी मन लावून ऐकलं. ही म्हणाली, "झालं, आता हे चहाला बसतील तुमच्याकडे."

१ फेब्रुवारी

काल सकाळपासून आज सकाळपर्यंत कॅन भरला. पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये. कॅन न्हाणीघरात ठेवलाय म्हणून हिने त्यावर टॉवेल टाकला होता. "घरात तुम्ही आणि मी, तरी लाज वाटते बाई." मी कॅनवर नाव, तारीख, दोन्ही वेळा लिहिल्या. सतराशे साठ मिलिलिटर.

रक्ताचा अहवाल दुपारी आला. क्रिएटिनीन २.२.

स्वयंपाकघरात जाऊन मी तो हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचला. ही कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

१९ फेब्रुवारी

हिच्या घड्याळाचा पट्टा सैल झाला. घड्याळ कोपरापर्यंत घसरतं म्हणाली. चामडं घामापाण्याने वाढतंच. आरीने नवं भोक पाडलं. आधीच्या भोकांत सात मिलिमीटरचं अंतर आहे, कॅलिपर लावून तेवढंच राखलं. कंपनीने पाडल्यासारखं दिसतं. हिने मनगट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "तुमचं काम म्हणजे काम."

२ मार्च

क्रिएटिनीन २.०.

मी चोवीस ग्रॅमवर आलो आहे. जे लागू पडतंय ते सोडायचं कशाला. सकाळी पावाचा एक तुकडा, दुपारी वाटीभर भात आणि उकडलेली भाजी, संध्याकाळी सफरचंद. अंडं बंद. दूध चहापुरतं. ही काही कुरकुर करत नाही. ताट समोर ठेवलं की विचारते, "किती झालं?" मी आकडा सांगतो. मग जेवते.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, रविवारी चेहरा बघत बोलते. "बाबा, आई सुकलीये का रे?" म्हणाली. मी सांगितलं की तुझ्या फोनचा कॅमेरा माणसाला बारीक दाखवतो. आणि दोनाचा आकडा सांगितला. ती ओरडलीच आनंदाने. मी फोन हिच्याकडे दिला आणि वजनं पुसायला घेतली.

३ मार्च

काही नाही.

२३ मार्च

ही वाचनालयातून हल्ली फक्त पाककृतींची पुस्तकं आणते. खिडकीपाशी बसून वाचते, कधी मोठ्याने. आज केकचं चाललं होतं. अंडी चार, लोणी वाटीभर, ते हलकं होईपर्यंत फेटा.

मी म्हणालो, "उगीच जिवाला त्रास कशाला करून घेतेस?"

"त्रास कसला? वाचायचे ग्रॅम थोडेच लागतात."

पान उलटून पुढचं वाचायला लागली. मी भाजी चिरायला गेलो. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. हलक्या प्रतीचं चामडं, दुसरं काय.

४ एप्रिल

डबीवालींचा फोन. काकूंच्या लघवीतल्या व्रणाच्या खुणा वाढताहेत म्हणाल्या. जानेवारीच्या मानाने जवळजवळ दुप्पट. "अभ्यास अजून पूर्ण झालेला नाही, त्यावरून उपचार ठरवायचे नसतात, पण मला राहवेना म्हणून सांगते."

मी त्यांना रक्ताचे आकडे सांगितले. १.९ चालू आहे. बावीस टक्क्यांवरून जवळजवळ तिसावर आलो आम्ही. रक्त म्हणतं सुधारतंय, लघवी म्हणते बिघडतंय. दोन काटे दोन वजनं दाखवत असतील तर एक खोटा. रक्ताची तपासणी कितीतरी वर्षं चालत आली आहे, तुमची काल आली. मग खोटा कोण?

"मलाही तेच कळत नाहीये, काका."

प्रामाणिक आहेत. पण मी तुटक बोललो. ही आतून म्हणाली, "कोण होतं?" मी म्हणालो, "तुझी डबीवाली. पुढची तारीख सांगत होती."

खोटं बोललो. नोंद असावी.

१२ एप्रिल

मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. क्रिएटिनीन १.८. एकतीस टक्के. डॉक्टर पहिल्यांदा संगणकावरून नजर काढून आमच्याकडे बघून हसले. "काय जादू केलीत? असंच चालू ठेवा." बाहेर चाळीस माणसं बसली होती, त्यामुळे दोन मिनिटांत उठलो. लघवीचा विषय मी काढला नाही.

नर्सने वजन केलं. चोपन्नवरून पन्नास. पण तो काटा शून्यावर नाही, रिकामा असताना सव्वा किलो दाखवतो कधी, कधी दाखवत नाही. मी नर्सला दाखवून दिलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हीच पहिले बोललात." असल्या काट्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पायांवर थोडी सूज आहे. गोळी वाढवली.

दारातून बाहेर पडताना हिने माझा हात धरला, तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. मला वाटलं आनंदाने.

२० एप्रिल

मुरंब्याची बरणी हिला उघडेना. मी उघडून दिली. दुपारी कपडे वाळत घालताना बसली. चक्कर नाही, नुसतं बसावंसं वाटलं म्हणाली. वय झालं आपलं, मी म्हणालो. "तुमचंच झालं," म्हणाली, पण उठायला हात मात्र मागितला.

हात हलका लागला.

२ मे

कॅन चौदाशे मिलिलिटर. रक्त १.७. वाचून दाखवलं. "पुन्हा वाचा," म्हणाली. पुन्हा वाचलं.

पट्ट्याला तिसरं भोक.

१५ मे

नोंदण्यासारखं काही नाही, तरी बसलोय. सकाळपासून तीन वेळा काट्याचं शून्य तपासलं. शून्यावरच आहे. काय तपासतोय तेच कळत नाही. घरात सगळं सुरळीत आहे आणि मला झोपेतून उठवलेल्या माणसासारखं वाटत राहतं.

६ जून

डबीवालींनी मी न मागताच सगळ्या महिन्यांचा तक्ता पाठवला. त्यात प्रत्येक खुणेचा आकडा, त्याच्या पुढे ज्याने भागायचं तो आकडा, पुढे उत्तर. व्रणाची खूण आता अडीचपट.

दिवसभर तक्ता घेऊन बसलो. उत्तर वाढतंय हे खरं. पण उत्तर दोन कारणांनी वाढतं. वरचा आकडा वाढला तर, किंवा खालचा घटला तर. कॅनच्या रकान्यात एका दिवसात पडलेलं एकूण क्रिएटिनीन दिलं आहे. जानेवारीत ८८०. मार्चमध्ये ७७०. मेमध्ये ६३०. या महिन्यात ५६०.

डबीवाली म्हणाल्या होत्या, रोज तेवढंच पडतं. पडत नाहीये! त्यांचं प्रमाण वजनच हलकं झालंय. खालचा आकडा झिजलाय म्हणून वरचा मोठा दिसतोय. बुडातलं शिसं गेलंय आणि यांना पत्ता नाही.

कित्येक महिन्यांनी अंगात रक्त फिरल्यासारखं वाटलं. हिला हाक मारून सांगितलं, "पकडली बघ चोरी!" ही डोळे मिटून पडली होती. "कुणाची हो?" म्हणाली. मी म्हणालो, "डबीवालीच्या तक्त्याची." उद्या तोंडावर जाऊन दाखवणार आहे.

७ जून

गेलो. तळमजल्यावरच्या खोलीत शीतकपाटांची घरघर असते, त्यातच त्यांचं टेबल. तक्ता पसरला. आकड्यांखाली लाल रेघा मारल्या होत्या. मी सगळं समजावलं, अगदी कोर्टात साक्ष द्यायचो तसं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग कॅल्क्युलेटर घेतला, भागाकार सोडून दिला आणि नुसता दिवसाचा हिशोब केला.

"तुमचं बरोबर आहे, काका. आमचा आकडा फुगलेला होता. दिवसाच्या हिशोबाने खूण वाढतेय, पण अडीचपट नाही. दीडपटीच्या थोडं वर."

मी खुर्चीला पाठ टेकली.

त्या मात्र तक्त्याकडेच बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "क्रिएटिनीन कुठून येतं, माहीत आहे तुम्हाला?"

"किडनीतून."

"नाही. किडनी फक्त बाहेर टाकते. येतं ते स्नायूंमधून. माणसाच्या अंगात जितके स्नायू, त्या मानाने रोज तयार होतं. म्हणून रोज तेवढंच पडतं. ते इतकं कमी झालंय म्हणजे..." थांबल्या. "काकू काय खातात?"

मी सांगितलं. हल्ली बावीस ग्रॅम आहे तेही सांगितलं. अभिमानाने सांगायला सुरुवात केली होती, वाक्य संपेपर्यंत आवाज माझा राहिला नव्हता.

"पस्तीस सांगितलं होतं ना?"

"हो."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. लघवीत कमी पडतंय कारण मुळात कमी तयार होतंय. मग रक्तातही कमीच असणार. २.४, २.२, २.०, १.८, १.७. किडनी सुधारली म्हणून नाही. ही उरलीच कमी म्हणून.

त्या उठल्या, मला पाणी दिलं. स्नायूंशी संबंध नसलेली एक वेगळी रक्ततपासणी असते, ती उद्याच करू म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांना त्या स्वतः फोन करणार आहेत. "चूक आमचीही आहे. कॅनचे आकडे माझ्यासमोर होते. मी नुसती भागत बसले."

घरी चालत आलो. वाटेत काय काय होतं ते आठवत नाही.

८ जून

रक्त दिलं. सुई टोचताना हिचा दंड धरायला नर्सच्या दोन बोटांचं कडं पुरलं. मी बघत होतो. आधीही बघतच होतो.

हिला काही सांगितलं नाही.

११ जून

चौदा टक्के.

मोठे डॉक्टर आज संगणकाकडे बघत नव्हते. हिच्याकडे बघत होते. पायाची सूज काढली तर वजन पंचेचाळीसच्या आसपास असेल, म्हणाले. किडनी सहा महिने उतरतीलाच होती. ती तशीही उतरलीच असती, कदाचित याच वेगाने. तो दोष कुणाचा नाही. पण आपल्याला कळलं नाही. मशीनची तयारी आधीच व्हायला हवी होती, आणि आता त्यासाठी अंगात ताकद हवी, ती नाही. आधी खायला घाला. मग डाव्या मनगटावर छोटी शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी मशीनसाठी तयार करायची.

ही म्हणाली, "बरं."

माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं बाही धरेल. मी हात तसाच पुढे ठेवला होता.

१२ जून

आज बोललो. दुपारी ही पलंगावर बसली होती, मी स्टुलावर. म्हणालो, "मी तुला उपाशी ठेवलं."

"हं."

"भूक लागत नव्हती का तुला?"

"लागायची की. पहिले दोन महिने तर भिंत खावी असं वाटायचं. पुस्तकं काय उगीच आणायची मी?"

"मग बोलली का नाहीस?"

हिने पांघरुणाचा काठ सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"पहिल्या दिवशी मी म्हणाले, मशीनवर नका पाठवू. तुम्ही नाही म्हणालात, आणि मग तुमचं तोंडच मिटलं. घरात नुसते भांड्यांचे आवाज. मला वाटलं, मी जाईन तेव्हा जाईन, हा माणूस आधीच गेला. मग तो आकडा खाली आला. तुम्ही वाचून दाखवलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. इतकंसं. मी म्हटलं, पुन्हा वाचा."

मी स्टूल जवळ ओढलं.

"महिन्यातून एकदा तरी तो चेहरा बघायला मिळायचा. एक अंडं कमी खाल्लं तर काय बिघडलं?"

मला वाटत होतं मी बधिर आहे म्हणून तिला त्रास होत नाहीये. मी शांत आहे असं ती समजत असेल, असं मी समजत होतो. मी मान खाली घालून रडलो. हिने हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तो हात इतका हलका होता की मला जास्तच रडू आलं. हे लिहिताना पुन्हा सगळं थिजलंय. पण ते झालं होतं, म्हणून लिहून ठेवतो.

१४ जून

आहारतज्ज्ञ बाईंचा नवा कागद: पन्नास ग्रॅम. मशीन सुरू झालं की अजून जास्त. कागदाखाली त्यांनी पेनने लिहिलंय, "कमी नको," आणि दोनदा अधोरेखित केलंय.

सकाळी अंडं उकडलं. सोलून बशीत ठेवलं, वर मिरपूड. हिने चमच्याने अर्धं केलं. पिवळा भाग पाहून थांबली, जणू तो असतो हे विसरली होती.

"किती झालं?" म्हणाली. सवयीने.

"मोजलं नाही."

पूर्ण खाल्लं. बशीला चिकटलेलं बोटाने पुसून घेतलं.

मोजलं होतं. टरफलासकट छप्पन्न, सोलून एकोणपन्नास. आयुष्यात कुणाला खोटं वजन सांगितलं नव्हतं.

२ जुलै

मुलगी आली आहे. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तू चहा घे ना." एवढंच. आईच्या पायांना ती तेल लावते, सूप ढवळते, फोनवर डबीवालींशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. डबीवाली आता तक्त्यात एक रकाना जास्त ठेवतात म्हणे, दिवसाच्या एकूण क्रिएटिनीनचा, प्रत्येक रुग्णासाठी. तो घटला तर लाल होतो. आणखी दोघे सापडले. एका आजोबांच्या सुनेनेही असंच केलं होतं, मायेने.

वजन सत्तेचाळीस, सूज नसताना. त्या काट्याला मी शून्यावर आणून दिलंय.

९ जुलै

उद्या शस्त्रक्रिया. नर्सने सूचना वाचून दाखवल्या. यापुढे डाव्या हाताने जड उचलायचं नाही, त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही. घड्याळ आजच काढा.

हिने काढून माझ्या हातात दिलं. मी खिडकीपाशी नेऊन पट्टा उजेडात धरला. कंपनीची भोकं, त्यांच्या आत माझी तीन. सात, सात, सात मिलिमीटर. कुठेही वाकडं नाही. फेब्रुवारी, मार्च, मे. सहा महिने रक्त, लघवी, हॉस्पिटलचा काटा, सगळ्यांशी वाद घातला, आणि खरं माप मी माझ्याच हाताने चामड्यात पाडून ठेवलं होतं. कुठल्या दुकानदाराकडे असा पट्टा सापडला असता तर मी विचारलं असतं, हे तिसरं भोक कधीचं? आणि त्याला उत्तर देता आलं नसतं.

"काय बघताय?" ही म्हणाली.

"काही नाही."

"मग बांधा ना या हातात."

उजवा हात पुढे केला. मी पट्टा गुंडाळला. तिसऱ्या भोकात घट्ट झाला, दुसऱ्यातही ओढून बसला. पहिल्यात बसला. उजवं मनगट डाव्यापेक्षा थोडं जाड असतंच, त्यावरून काही ठरवू नये, हे मला माहीत आहे.

हिने मनगट फिरवून बघितलं. घड्याळ घसरलं नाही.

"आता आणखी भोक नका पाडू," म्हणाली.